वांग्याला पाच अक्षरं

२ नोव्हेंबर, रवि.
एका अख्ख्या देशाने वांग्यावर पाच अक्षरं खर्च करावीत, याचा निषेध. मे-ला-न-झा-ना. संस्कृतने वृन्ताक म्हणून तिनात भागवलं, आपण तर दोनात.
शिकवणारी आमची नात इरा. वय तीन, मुक्काम तोरीनो, इटली. व्हिडिओवर खेळण्यातलं वांगं नाचवत होती. तिला मराठी येत नाही, मला इटालियन. संध्याकाळभर घोकलं. पाठशाळेची सवय, अर्थाआधी पाठांतर.

९ नोव्हें.
फोन लागताच म्हटलं, मेलानझाना. इरा खदखदून हसली. पुन्हा म्हटलं, पुन्हा हसली. बाकी संभाषण हेच. सौ. शेजारी मेथी निवडत होती.
"तिले आजोबा म्हणणं शिकवाचं सोडून तुम्ही काय वांगं शिकून राहिले?"
आजोबा म्हटल्यावर ती हसत नाही, हे सांगायला हवं होतं.

१६ नोव्हें.
लेक मुक्ता सांगत होती, रविवारी उठल्या उठल्या इरा विचारते, मेलानझाना कुठे आहे? म्हणजे मी! जावईबापूंनी समजावून पाहिलं. तिला मान्य नाही. सौ. हसून बेजार. मी हसावं की…

१८ नोव्हें.
गोकुळपेठेत भरताचं वांगं हातात धरून उभाच राहिलो. भाजीवाली म्हणाली, "काहून एवढं पाहून राहिले काका? कीड नाही त्याले." कीड नाही, खरंय.

२३ नोव्हें.
ते वांगं देठासकट कॅमेऱ्यापुढे धरलं. म्हटलं, मेलानझाना. मग छातीवर हात ठेवून, आजोबा. इराने ठाम मान हलवली. नो. बोट माझ्याकडे. मेलानझाना.
मग वांग्याला आता काय म्हणायचं? हे विचारण्याइतकं इटालियन येत नाही.

१२ डिसें., शुक्र.
परवा येताहेत, तिघंही. इराची पहिलीच खेप. मुक्ताला भरीत हवंय, गॅसवरचं नको, तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या जाळावर भाजलेलं. उमरेडहून तुराट्यांची मोळी आली, अंगणात टेकवलीय. वांगी सौ. उद्या आणेल. मला पाठवायला तयार नाही. म्हणते, तुम्ही तिथं गप्पा मारत बसान त्याच्याशी.
जाळ पेटेल. इरा जवळ आली, तर मांडीवर घेईन, तो शब्द म्हणेन, ती हसेल.
त्यानंतर तिच्याशी बोलायला माझ्यापाशी काहीच नाही. भीती वाटते.