माझ्या पाठीमागची सकाळ

प्रिय खारूताई,

त्या सकाळी मी दुधावर लक्ष ठेवून गॅसपाशी उभी होते, एकीकडे डब्यांची झाकणं पुसत होते, आणि तुझे बाबा मागे टेबलाशी बसून मला पेपर वाचून दाखवत होते. तू आतल्या खोलीत बॅग भरत होतीस. नव्या नोकरीच्या गावी घराची आठवण आली तर बघायला म्हणून टेबलावर तो चहूकडचं टिपणारा गोल कॅमेरा ठेवला होतास. वाचता वाचता बाबा थांबले. मी पाठमोरीच म्हणाले, अहो, अडलं कुठे? शाळा मी सोडली होती, तुम्ही नाही! आणि मिक्सर लावला. फोनवर तू ती फिल्म माझ्याच बाजूला फिरवून पाहिलीस आणि पोट धरून हसलीस.

दोन वर्षांनी तूच म्हणालीस, आई, डोळ्यांवर चढवायचा तो व्हीआर हेडसेट घे, त्या फिल्ममध्ये बाबांच्या शेजारी बसल्यासारखं वाटेल. तू निवडशील तोच मीही घेईन. म्हणून दुकानात गेले. पहिला इतका जड की मान खाली गेली. दुसऱ्यात माझा चष्मा मावेना, आणि चष्म्याविना सगळा धुरळा. विकणारी म्हणाली, आजी, यात समुद्राच्या तळाशी जाल. म्हटलं, बाई, मला पोहता येत नाही, मला माझ्या स्वयंपाकघरात जायचंय. तिसरा हलका होता, चष्म्यावरून नीट बसला, आणि चेहऱ्याला टेकणारी गादी काढून धुता येत होती. तो घेतला. माहितीपुस्तिका दोनदा वाचली, अडलेले शब्द शब्दकोशात पाहिले.

घरी चढवून ती फिल्म लावली तर आधी मीच दिसले. पाठ एवढी रुंद झालीय हे कुणी बोललं नव्हतं. मग मान वळवली. तुझे बाबा हातभर अंतरावर. वाचता वाचता त्यांच्या हातून पेपर सुटला. एक हात छातीवर गेला, दुसऱ्याने टेबलाची कड धरली. चेहरा पांढराफटक. त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं आणि ओठ हलले, ‘अगं’. तेवढ्यात माझा तो टोमणा आला. मग मिक्सर. तो थांबेपर्यंत त्यांनी कपाळ पुसलं, पेपर उचलला आणि दोन ओळी सोडून पुढून वाचायला लागले. दोन ओळी गळाल्या हेही मला कळलं नव्हतं.

त्या सकाळनंतर नवव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी कधी दुखलं होतं का? मी ठामपणे सांगितलं, कधीच नाही. तुलाही तेच सांगत आले. काळ जातो तसं हलकं होतं म्हणतात. माझं नाही झालं, आणि आता होणारही नाही. हेडसेट आणला त्या दिवशी ती फिल्म चारदा पाहिली. दर वेळी हात पुढे केला, दर वेळी कपाटावर आपटला.

तू हेडसेट घातलास की आधी त्यांच्याकडेच वळशील, मला ठाऊक आहे. म्हणून तुला लिहायला बसले होते की यंत्र बेकार आहे, चक्कर येते, घेऊ नकोस. ते पत्र फाडलं. तू एकटीने, तिथल्या तुझ्या खोलीत, अचानक हे पाहावंस असं मला नको होतं. आधी माझ्याकडून कळावं. रागाव, बोलू नकोस, मला चालेल. मागे वळले नाही, ही चूक माझी. पत्र फाडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, तोच हलका हेडसेट तुझ्यासाठी घेतला, आणि या पत्रासोबत तुझ्या पत्त्यावर पाठवते आहे.

तुझीच,
आई