परसावरून ओढलेला गळ

आबा, तुमच्याशी भांडायचं राहून गेलंय. तुम्ही गेलात तेव्हा लोक आले, गरीब स्वभावाचा माणूस होता म्हणाले, आणि मी ते मुकाट ऐकून घेतलं. आता माझेच केस पिकले, राग मात्र आहे तिथंच आहे. हर्सूलच्या या घरात दुपारी आई झोपलेली असते, दुसरं कुणी नसतं. पत्र लिहून भांडायला बरं.

पैठणच्या धरणाचं पाणी आपल्या गावावर चढायला लागलं तेव्हा लोकांनी चौकटी उचलल्या, पत्रे उचलले, देव उचलले. आईचं जे होतं ते उचलता येण्यासारखं नव्हतं. माझ्या पाठची, बारसंही न झालेली पोर परसात लिंबाखाली पुरलेली. मी तीन-चार वर्षांची असेन. मला गाव आठवत नाही, घर आठवत नाही, फक्त मातीत बसलेली आई आणि गाडी जुंपून उभे असलेले तुम्ही आठवता. नव्या गावठाणात जमीन खडकाळ मिळाली. तुम्ही बैल विकून होडी घेतलीत. नांगर धरणारा माणूस वल्हं धरतो म्हणून भावकी हसली. आई हसली नाही. तिनं एवढंच सांगितलं, "कुठंबी गळ टाका, पर परसावरनं नेऊ नगा." तुम्ही कबूल केलंत.

थंडीत मासा खोल उतरतो. आणि खोल कुठं आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जुना ओढा, विहिरी, सगळं तुमच्या पायाखालचं. औरंगाबादचे हौशी लोक सुट्टीला यायचे. लांब दोरीला शिशाचं वजन, चमकणारी पितळी पट्टी आणि गळ बांधून ते होडीमागं सोडायचे आणि तुम्ही सावकाश वल्हवायचात, तासाला तास लावून, नांगरल्यासारखं. बांध आला की वळायचात. बांध कितीतरी हात पाण्याखाली, पण तुम्ही वळायचातच, वर बैल असल्यासारखी जीभ वाजवायचात. पाहुण्यांना मोठी गंमत वाटायची. "आता कुणाच्या शेतात आलो रे?" असं विचारायचे, आणि तुम्ही हसून सांगायचात. बुडालेलं गाव दाखवून कुणी हसतं का, आबा?

लग्नानंतर संक्रांतीला मी माहेरी आले होते, तेव्हाची गोष्ट. वाळूजच्या कुठल्याशा कंपनीतले एक साहेब बायकोला घेऊन आले, आणि बाईंना सोबत म्हणून तुम्ही मला होडीत बसवलंत. वारं असं की शालीतूनही हाडाला लागतंय. उन्हं वर आली तरी मासा लागत नाही. साहेब वैतागलेत.

"तुझ्या घराकडं कधी नेत नाहीस ते? तिथं विहीर होती म्हणतोस ना?"

"खाली झाडं हायेत साहेब. गळ गुततोय."

"गुंतू दे. गळ माझा आहे."

तुम्ही माझ्याकडं पाहता. मी म्हणते, "आबा, तिकडं नाय न्यायचं." आणि तुम्ही होडी तिकडंच वळवता!

काय झालं असतं खरं सांगितलं असतं तर? तिथं माझी लेक आहे, एवढं म्हटलं असतं की तो माणूस गप्प बसला असता. काही झालं तरी तोही कुणाचा बापच होता. पण परक्यासमोर घरातलं दुःख काढायचं नाही, ही तुमची इभ्रत. त्या इभ्रतीपायी तुम्ही पोटच्या पोरीवरून गळ ओढलात. लाज नाही वाटली? मला वाटली, आणि मी तर नुसती बसून होते.

मोठा मिशाळ शिवडा मासा निघाला. साहेबांनी खूश होऊन अर्धा आपल्याला दिला आणि तुम्ही तो घरी आणलात, वर आईच्या पुढ्यात ठेवलात. "कुठं घावला?" तिनं विचारलं. तुम्ही पाय धूत राहिलात. तिनं माझं तोंड पाहिलं आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

"पान्याखाली काय ऱ्हातंय आता? समदा गाळ झालाय," तुम्ही म्हणालात.

"तुमचा झाला आसंल," आई म्हणाली.

पुढं तुम्ही जाईपर्यंत ती तुमच्याशी कामापुरतंच बोलली. लोक तिलाच कजाग म्हणाले. तुम्ही एकदाही त्यांना अडवलं नाहीत.

यंदा धरणाचं पाणी फार उतरलं. आईला आता दिसत नाही, चालवत नाही. "तू जाऊन ये. परसात दिवा लाव," म्हणाली. मी गेले. भेगाळलेल्या गाळात नुसती जोती, एकासारखं एक. लिंब कधीच कुजून गेलेला. आपलं घर कुठलं? अख्ख्या औरंगाबादच्या पाहुण्यांना तुम्ही गाव दाखवलंत, मला एकदा नीट सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्या दिवशी होडीतून मी तिथवर आले होते खरी, पण पाण्याला खूण नसते. उन्हात हिंडले, चिडून रडले, आणि त्या उजाड गाळात तुम्हालाच हाका मारल्या. दुसऱ्या कुणाला विचारणार? जागा दाखवील असं गावचं माणूस कुणी उरलं नाही.

शेवटी एका जोत्याच्या मागं दिवा लावला. कुणाचं होतं, देव जाणे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये म्हणून तुम्हाला सांगते: घरी येऊन आईला म्हणाले, आपल्याच परसात लावला. तिनं माझे हात घेऊन डोळ्यांना लावले, आणि मी ते लावू दिले.