बोलायचं तूच

अण्णा,

आज तुमच्या नातीकडे बघताना निलंग्यातली ती दुपार आठवली. मी चौथीत होते. खेळताना माझ्या धक्क्यानं मैत्रिणीचा चष्मा फुटला आणि ती घरी जायलाच तयार होईना. तिचे वडील लई मारायचे. तिचा हात धरून मी तिला तुमच्या शिलाईच्या दुकानात आणलं. आई म्हणाली, "लेकरू हाय ते, तुम्हीच जाऊन सांगा की." तुम्ही गळ्यातला टेप काढून ठेवलात आणि मला म्हणालात, "मी येतो कोपऱ्यापर्यंत. बोलायचं तूच."

मैत्रिणीच्या दारात मी उभी आहे. ती माझ्यापुढं आत गेली आणि फुटका चष्मा बघून तिच्या वडिलांचा हात उठलाही आहे. "काका, चष्मा मी फोडला. तिला मारू नका." ते माझ्याकडे बघतात, मग कोपऱ्यावर उभ्या असलेल्या तुमच्याकडे, आणि हात खाली येतो. परत येताना मी रडत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "निघाला की आवाज." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

ती मैत्रीण आता नांदेडला असते. एवढी शिकलेली, पण बोलायच्या आधी अजूनही समोरच्याचा चेहरा वाचते. परवा फोनवर म्हणाली, "तुझे अण्णा दारातून दिसत होते बघ मला. माझ्यासाठी असं कधी कुणी उभं राहिलं न्हाई."

मी लेकीवर कधी हात उगारला नाही, अण्णा. पण तिच्या वाटचं सगळं मीच बोलत आले. लातूरच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, पोट कुठं दुखतंय, तर उत्तर मी दिलं. ते हसून म्हणाले, "ताई, पोट तिचं हाय." आठ वर्षांची झाली, तरी नवं माणूस दिसलं की माझ्यामागं लपते.

आज खाली पोरींनी तिला खेळात घेतलं नाही. ती वर आली आणि म्हणाली, "आई, तू सांग ना त्यांना." मी चप्पल घातली, काढली. म्हटलं, "तूच विचार, बाळा." ती गेली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तिचा बारीक आवाज आला, "मला पण घ्या की!" आणि थोड्या वेळानं दोघी-तिघींचं हसणं.

तिच्या बाबांना मी सांगितलं, मी घरातच थांबले होते. खरं तर दोन जिने उतरले होते, अण्णा, अनवाणी.