गोष्टीतली लेक

१४ जून, शनिवार
बीबी गावाला जायची बस उशिरा आली. तिथल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत सगळ्या जमल्या होत्या, माझीच वाट बघत होत्या. आज स्वतःची गोष्ट वाचायची पाळी माझी. मध्येच थांबले. पाणी प्यायले, पुन्हा वाचली. एका बाईची तरणीताठी लेक तापानं जाते. गावातल्या बाया तिच्याजवळ येऊन बसतात आणि ती पोटभर रडते. एवढीच गोष्ट.
मंदाताई आमचा लिहिणाऱ्या बायांचा गट चालवतात, हायस्कुलातून निवृत्त झाल्या तरी अजून बाईच. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "शोभा, तुझी पल्लवी तर जालन्यात आहे ना गं? धडधाकट?"
आहे. लग्न करून गेली त्याला दोन वर्षं झाली. पोरगा आपल्यातला नाही म्हणून ह्यांनी त्याच दिवशी डोक्यावरून आंघोळ केली. "आपल्याले पोरगी नव्हती," म्हणाले. घरात नाव काढायचं नाही. तिनं नंबर बदलला, पत्ता माहीत नाही.
मी सांगितलं, "ताई, जित्या लेकीसाठी रडू देत नाहीत. मेलेलीसाठी देतात. म्हणून मारली."
शेजारी बसलेल्या नसीमनं माझा हात धरला, तो निघायच्या वेळेपर्यंत सोडला नाही.

२८ जून
मंदाताईंनी लाल पेन चालवला. निम्मं रडणं कापलं. "वाचणारीला रडू दे, तू कमी रड." खरंय. पण कापलेल्या ओळी घरी आणून पुन्हा वाचल्या.
बायांचं बोलणं आपल्या वऱ्हाडीत ठेवायचं की नाही यावर नसीम आणि ताईंचं वाजलं. नसीम म्हणे, "आपल्या इकडची सुलतानपूरची बाई पुण्यावानी काऊन बोलन व?" ठेवलं.
नसीमचं बांगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ती मोबाईलवर आमच्या गोष्टी टाइप करते. तिची स्वतःची गोष्ट तीनदा परत आली. एकदा तर उत्तरच नाही. तरी आमच्या पाठवत असते.
माझी अकोल्याच्या दिवाळी अंकाला गेली. नाव माझंच टाकलं. 'पाठवा'चं बटण नसीमनं माझ्याच बोटानं दाबलं.

३ ऑगस्ट
सोयाबीनमध्ये निंदत होते. फोन आला. संपादक. गोष्ट घेतली म्हणाले, काहीही बदलत नाही म्हणाले. मी "हो, हो" एवढंच. मग दोन ओळींमधल्या तासातच बसले.
घरी कोणाला सांगू? म्हशीला सांगितलं. ती रवंथ करत राहिली.

९ ऑगस्ट
गटात पेढे. नसीमनं हिरव्या बांगड्या भरल्या. ताई म्हणाल्या, या खोलीतून पहिली छापून येणारी गोष्ट तुझी. सगळ्यांचे चेहरे असे, जशी त्यांचीच आली.
पल्लवी असती तर. तिनंच तर मला बी.ए.ची पुस्तकं वाचायला लावली. "आई, तू सांगतं तसं लिहित काऊन नाही?"

१ सप्टेंबर
महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या केल्या. जावा, नणंदा, सगळं घर भरलेलं. लक्ष्म्यांच्या बाळांना अंगडं घालताना हात थांबला. मोठ्या जाऊबाई बघत होत्या. धूर गेला डोळ्यात म्हणाले.
धूर नव्हताच.

११ ऑक्टोबर, शनिवार
अंक आला. पान उघडलं, माझं नाव. ताईंनी मोठ्यानं वाचून दाखवली. कमी रडणं बरोबर होतं, ऐकताना दोन जणी रडल्याच.
नसीमनं पानांचे फोटो काढून मोबाईलवर सगळ्या गटांत पाठवले. "जिल्हाभर जाऊ दे," म्हणाली.
आज मी आनंदी आहे. लिहून ठेवते.

१४ ऑक्टोबर
गेली जिल्हाभर. जालन्यालाही गेली.
दुपारी अनोळखी नंबर. "आई." दोन वर्षांनी.
"मी कशानं मेली आई? तापानं?"
पुढं तीच म्हणाली,
"कॉलेजच्या मैत्रिणीनं पाठवली. मले वाटलं, आईची गोष्ट, काही तरी निरोप असंल. शेवटलोग वाचली." मग म्हणाली, "बाबानं आंघोळ केली. तुनं छापून आणलं."
"पल्लू, तसं नाही व..."
"सातवा चालू हाये मले. सातव्या महिन्यात मायचं हे वाचावं लागलं."
कट.
सातवा. मला माहीतच नाही. डोहाळे काय लागले असतील, कोणी पुरवले असतील.
पुन्हा लावला. उचलत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार
गटात सांगितलं. यापुढे लिहिणार नाही म्हणाले.
ताई: "गोष्ट चांगली आहे शोभा. तिला कळेल एक दिवस."
नसीम भडकली. "चांगली गोष्ट गेली चुलीत! पोट्टीनं सोताची मयत वाचली, ताई." मग ओढणीत तोंड घालून म्हणाली, "मीच धाडली सगळीकडं. माह्याच हातानं."
तिला कसं समजावू, तिची चूक नाही. छापून आल्यावर कोणाकडे जायचं हे गोष्ट आपल्याला विचारत नाही.
बसमध्ये कोण काय बोललं, आठवत नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा
ह्यांना शाळेतल्या गुरुजींनी अंक दिला. पारावर बसून वाचला म्हणे, सगळ्यांपुढे. घरी आले, देवाजवळ ठेवला, हळदीकुंकू वाहिलं.
ओवाळताना म्हणाले, "बराबर लिवलं तुनं. अस्संच लिवाले पायजे होतं. लोकायले कळलं आता, आपल्या घराले काय झालं ते."
लग्नाला सत्तावीस वर्षं. माझ्या कशालाच कधी बराबर म्हणाले नव्हते.
ताट खाली ठेवलं. निरांजन विझलं होतं की मी विझवलं...

२७ ऑक्टोबर
वाशिमहून एका बाईंचा फोन. अंकातून नंबर मिळवला म्हणे. त्यांची लेक गेल्या वर्षी गेली, डेंग्यूनं. गोष्ट वाचून पहिल्यांदा मोकळं रडता आलं म्हणाल्या. रडतच होत्या. मग विचारलं, "ताई, तुमची कधी गेली?"
सांगायला हवं होतं. तोंडून निघालं, "दोन वर्षं झाली."
फोन ठेवून मोरीत गेले. चूळ भरली, पुन्हा भरली.

२८ ऑक्टोबर
सकाळी चहा देताना ह्यांना सांगितलं. "पल्लवी जिती हाये. सातवा चालू हाये तिले. मी भेटाले जाणार."
मला वाटलं हात उचलतील. नाही. चपला घातल्या, निघाले. दारात थांबले, पाठ माझ्याकडेच. "जाय. पण मंग पाराकडून येऊ नको, मांगच्या वाटेनं ये."
चहावर साय धरली. देवाजवळचा अंक काढून फडताळात टाकला.

५ नोव्हेंबर
पल्लूच्या नंबरवर जावईबापूंनी फोन उचलला. पत्ता दिला, "या," म्हणाले, पण आवाज दबका. नसीम दुकान बंद करून बरोबर आली. जालन्याच्या बसमध्ये ती बोलतच होती, माझ्या डोक्यात वाक्यं जुळत होती, मोडत होती.
दोन खोल्यांचं घर, नीटनेटकं. दारात बाळासाठी आत्ताच घेऊन ठेवलेला पाळणा, कागदही काढलेला नाही. जावयांनी चहा केला. स्वतः केला. पोरगा चांगला आहे. हे कोणाला सांगू?
आतल्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून तिची पाठ दिसली. पलंगावर बसलेली, भिंतीकडे तोंड. वेणी तीच, जाड. कमरेला हात लावून बसली होती, तसं मी बसायचे तिच्या वेळी.
"पल्लू," मी म्हटलं.
पाठ हलली नाही.
जावई आत जाऊन आले. खाली बघत म्हणाले, "आई, ती म्हणते, आत्ता नको."
नसीम उठली, दाराजवळ गेली. "बेटा, मायनं तुले रडण्यासाठी मारलं व. रागानं नाही. घरात तुह्या नावाचं रडू देत नव्हते तिले."
आतून नाक ओढल्याचा आवाज आला.
आम्ही निघालो. मागच्या वाटेनं घरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जायचं नव्हतं बीबीला. नसीमनं फोनवर शिव्या घातल्या म्हणून गेले. तिची गोष्ट नागपूरच्या मासिकानं घेतली! तीच, तीनदा परत आलेली. मंदाताईंनी तिला मिठी मारली, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मीही हसले, खोटं नाही हसले.
तेवढ्यात फोन. तोच, पल्लूचा नंबर. बाहेर जिन्यात गेले.
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मी श्वास ऐकत होते तिचा.
"आई, हायेस का?"
"हाव."
"नसीममावशी म्हणे ते खरं हाये का?"
"हाव बाई."
आत खोलीत बाया हसत होत्या. मग ती म्हणाली, आवाज जरा फुटका, "माफ नाही केलं मी. समजून नको घेऊ तसं."
"नाही घेत."
"मंग बोल काही. लिवू नको. तोंडानं बोल."
दोन वर्षांचं सगळं सांगायचं होतं. काय आधी सांगू? जिन्याचा कठडा धरला, म्हटलं, "जेवली का, पल्लू?"
आणि ती म्हणाली, "नाही आई. कुकर उतरवतो, तू फोन ठेवू नको."