डब्यातली साखर

नोएडा, सेक्टर ८
४ मार्च १९९४

ती. दादास,
श्यामकांतचा शि. सा. नमस्कार.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, मनातून नाही.

बजेट छापायला तुला दरवर्षी नॉर्थ ब्लॉकच्या प्रेसमध्ये कोंडतात. सतरा वर्षं प्रुफं तपासतोस आणि बाहेर आलास तरी तोंडात मिठाची गुळणी. यंदा मात्र तू आत जायच्या सुमारास आमच्या सौ. अरुणाचा तिळगुळाचा डबा परत आला, तो साखरेने काठोकाठ भरून. आजवर तुझ्या घरून डब्यात चिमूटभर साखर यायची. मी समजलो, दादाला शेवटी धाकट्याची दया आली. साखर म्हणजे घे, माल सोडव, आयातीवरची ड्यूटी वाढणार.

मोटारींसाठी परदेशातून मागवलेली चुंबकं आणि तार ड्यूटी भरेपर्यंत बॉन्डच्या सरकारी गोदामात पडून होती. ती घाईने जुन्या दराने ड्यूटी भरून सोडवली. आणि बजेटात ड्यूटी उतरली! जे थांबले त्यांना तोच माल स्वस्तात. वर टेपरेकॉर्डरच्या तयार मोटारीही आता सिंगापूरहून माझ्यापेक्षा कमी भावात येणार. माझा कारखाना दिवाळी बघत नाही. माझे मोठे गिऱ्हाईक, करोल बागेतले खुरानाजी, यांनीही माझ्या भरवशावर आपला माल सोडवला, ते रोज फोनवर माझा उद्धार करतात.

भाऊ बुडवून सरकारशी इमान राखलंस. शाब्बास.

उरली असेल तेवढी माया राहू दे.
श्याम


सरोजिनी नगर
९ मार्च १९९४

चि. श्यामकांत यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मी आत गेलो १९ फेब्रुवारीला. शेजारचे अंबादास नोएडाला डबा घेऊन आले २१ला. कुलपाच्या आत बसून मी डबे भरत होतो काय? आणि इशाराच द्यायचा असता तर तो उलटा कशाला दिला असता? भाऊ प्रेसमध्ये आहे, तेव्हा आपल्याला चार दिवस आधी कळलंच पाहिजे, ही तुझी हाव. म्हणून साखरेतसुद्धा तुला ड्यूटी दिसली.

खुरानाला तू म्हणालास, "मेरे बड़े भाई का इशारा है." त्याने तसा तक्रारीचा अर्ज आमच्या खात्याकडे करून टाकला आहे. माझी चौकशी लागली. डबा कधी आला, कोणी आणला आणि इशाऱ्याची गोष्ट तुझ्या डोक्यातून निघाली, एवढं सही करून लिहून दे. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही.

अरुणाला आशीर्वाद.
भालचंद्र


सरोजिनी नगर
२५ मार्च १९९४

चि. श्यामभाऊजी यांस नीलावहिनीचे आशीर्वाद.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे. ती साखर मी भरली. रेशनवर दोन महिन्यांची एकदम मिळाली होती. भांडं रिकामं परत करू नये, हे मला तुमच्याच आईंनी शिकवलं. अरुणाने तिळगुळ फार मायेने केला होता, म्हणून या वेळी हात आखडला नाही. मला काय माहीत, माझ्या साखरेवरून घर जाळाल!

हे जेवत नाहीत. सतरा वर्षं या माणसाने मलासुद्धा आतलं एक अक्षर सांगितलं नाही. नोकरी गेली तर क्वार्टरही जाईल. तुमच्या चार ओळींनी हे सुटतात, भाऊजी. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं आहे, तेही करीन.

पोरकं करू नका.
नीला


नोएडा
६ एप्रिल १९९४

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमचं बिल्कुल खरं असेल. पण लिहून दिलं की खुरानाजींना कळणार, इशारा-बिशारा काही नव्हता, मीच ठोकून दिलं. त्यांची ऑर्डर तेवढी आता हातात आहे. ती गेली तर कारखान्याला टाळं आणि बारा माणसं घरी. दादाची नोकरी सरकारी आहे, फार तर बदली होईल. आम्हाला कोण पेन्शन देतं? ही वेळ निभावून न्या.

राग धरू नये ही विनंती.
श्याम


सरोजिनी नगर
३० मे १९९४

श्यामकांत,

आशीर्वाद लिहायला हात उचलला गेला नाही.

नीलाने तुझं पत्र मला दाखवलं; त्यात तू म्हणालास तसंच झालं. नोकरी राहिली. प्रेसमधून काढून मला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं आहे, बढती थांबली. जाताना किल्ल्या मागून घेतल्या, त्याही माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोराने, सगळ्यांसमोर. पुढच्या फेब्रुवारीत आत जाणाऱ्यांचा हलवा शिजेल तेव्हा मला कोणी बोलावणार नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "सगा भाई लिखकर क्यों नहीं देता?" मी म्हणालो, तो आजारी आहे. इतक्या वर्षांत सरकारशी बोललेलं तेवढं एकच खोटं, तेही तुझ्यासाठी.

अरुणाचा दिवाळीचा एक डबा आमच्याकडे राहिला होता, तो अंबादासांबरोबर पाठवतो आहे. नीला सवयीने साखर घालायला निघाली होती. मी तिच्या हातून डबा घेतला, स्वतः घासला, पुसला आणि झाकण लावलं. आत काही नाही.

या वेळी मात्र अर्थ काढ.

भालचंद्र