खाणीच्या बससाठी अर्ज

४ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नववीच्या पोरींनी बस कंपनीला लिहिलेल्या इंग्रजी पत्राचा मसुदा आणि सोबतची पाहणी चारदा वाचली. नसलेल्या मैत्रिणीला न झालेल्या सहलीचं वर्णन कळवण्यातून त्यांना सोडवलंस, हे उत्तम केलंस. खरं काम, खरा वाचणारा, खरं उत्तर; भाषा अशीच येते. मी सातवीत शाळा सोडली आणि दुकानांच्या पाट्या रंगवत इंग्रजी शिकलो. पाटीवरची चूक सगळा रस्ता वाचतो, म्हणून माझं पक्कं आहे. मास्तरीणबाईंनी हसू नये.

खाणीवरून सकाळी येणाऱ्या एकुलत्या बसच्या दारात मुली लोंबकळतात, तेव्हा जादा गाडी हवी, हे झकास उतरलंय. पण पोरींनी थांब्यावर उभं राहून पाहणी केली, तीत बाकी दिवसभर हीच बस रिकामी धावते असंही आहे. ते गाळलंस. अर्धं सांगणं म्हणजे लबाडीच. ते वाक्य मी लिहून सोबत जोडलंय, तसंच घाल.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.
तुझा दादा

२ सप्टेंबर

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

कंपनीचं उत्तर आलं. पाकीट फोडायचा मान आमच्या पुढारीणबाईंना, म्हणजे खाणीवरून बसने येणाऱ्या सहाजणींतल्या थोरलीला दिला. ती खणखणीत वाचू लागली आणि मधेच थांबली. प्रामाणिक पाहणीबद्दल आभार मानलेत. गाडी दिवसभर रिकामी धावते हे विद्यार्थिनींनीच दाखवून दिल्यामुळे सोमवारपासून तो मार्गच बंद.

तुझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उचललंय. इंग्रजीत चूक काढली नाही, एवढं समाधान मानून घे.

मोठ्या बाई म्हणाल्या, परीक्षेत मार्क नाहीत तिथे हात घातला की असे चटके बसतात. मी पुन्हा पाठ्यपुस्तकावर आले. खाणीचा रस्ता ट्रकांचा, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. सहाजणी कशा येणार, याचं उत्तर कोणत्याच धड्यात नाही.

रागावले आहे, तरी लोभ कमी करू नये.
धाकटी

११ सप्टेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

वाक्य खरं होतं. आजही मी ते खोडणार नाही. पण काम टाकून दोन दिवस कंपनीच्या कचेरीत बसलो. साहेबाने खुर्ची दिली, असं पत्र आपल्या कारकुनांनाही साधत नाही म्हणाला. मी सांगितलं, पोरींनी बस वाढवायला लिहिलं होतं, काढायला नव्हे. तो म्हणाला, पाहणी तर त्यांचीच ना. मी त्याची खुर्ची होती तिथे सरकवली आणि जिना उतरलो.

पोरींना पुन्हा लिहायला सांग. या वेळी मी बोट लावणार नाही.

लोभ ठेव, पूर्वीएवढा नसला तरी चालेल.
दादा

२५ सप्टेंबर

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

पुन्हा लिहायला सांगितलं. पुढारीणबाईंनी उभं राहून विचारलं, बाई, या वेळी खरं लिहायचं की उपयोगाचं? मी फळा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून सहाही जणी आल्या नाहीत. काल एकीचे वडील दगडाची धूळ अंगावर घेऊनच आले आणि सहा कागद टेबलावर ठेवून गेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज. इंग्रजीत लिहायची गरज नव्हती, तरी इंग्रजीत. वर विषय एका ओळीत, खाली कारण एका ओळीत: बस नाही. शेवटी आभार. पाल्हाळ नाही, रडगाणं नाही. पत्र असं लिहा की वाचणाऱ्याला नाही म्हणायला जागाच उरू नये, असं मी वर्षभर घोकवलं होतं.

सवयीने लाल पेन उचललं, एकही चूक सापडली नाही. मग निळं घेतलं आणि वर्गशिक्षिका म्हणून सहाही अर्जांवर सह्या केल्या.

लोभ तेवढा असू दे. आणखी काही मागायची सध्या हिंमत नाही.
धाकटी