चाचणीची नोंद

३ फेब्रुवारी
आले एकदाची पनवेलला! लग्नाला चार महिने झाले तरी मी साताऱ्यात आणि इंद्रजीत द्रोणागिरीच्या गोदामात, असला आमचा संसार. आता कामोठ्यात घर आणि दहा मिनिटांवर नोकरी. नोकरी निकेशदादांकडे, त्यांची वेबसाइट दशक्रियांची आहे. इकडच्या गावांत कुणी गेलं की नाव, फोटो, दशक्रियेचं ठिकाण त्यावर टाकतात, म्हणजे पाहुण्यांना फोन करत बसायला नको. दादांनी कालच प्लगइन अपडेट केलं आणि साइटवर नुसते डेटाबेस एरर. पहिल्याच दिवशी एवढं काम! मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

४ फेब्रुवारी
सापडलं. पूर्वी सगळा मजकूर एकाच चौकटीत लिहीत. नवं प्लगइन दहावा दिवस स्वतः मोजतं, त्याला मृत्यूच्या तारखेचा वेगळा रकाना हवा. तो घातला, साइट सुरू. फॉर्म तपासायला परक्याचं नाव कशाला, म्हणून नवऱ्याचंच टाकलं, लग्नातल्या फोटोसकट. तारीख मोकळी ठेवली. त्याला पाठवलं तर विचारतो, जेवणात गोड काय ठेवणार? मग नोंद उडवली. केर काढणाऱ्या भीमाबाईंनी मात्र पाहिलं होतं. म्हणाल्या, "जित्या मानसाचं नाव तिथं नाय टाकायचं, पोरी." मी आपली हसले.

६ फेब्रुवारी
नोंद परत आली आहे. डिलीट केली की जाते, पान पुन्हा उघडलं की हजर. मोकळ्या रकान्यात ११ फेब्रुवारी. दशक्रिया २० तारखेला. मी काहीही भरलेलं नाही. जुना बॅकअप चढवला, त्यातही आहे. तो बॅकअप जानेवारीतला, मी इथे यायच्या आधीचा.

८ फेब्रुवारी
प्लगइन काढलं. डेटाबेसमधलं नोंदींचं टेबल रिकामं केलं, मोजणी शून्य दाखवते. तरी पान उघडतं. खाली लोक श्रद्धांजली लिहू लागलेत. एक्केचाळीस जण. त्यात सासूबाई. त्यांना फोन केला – पापड वाळत घालत होत्या, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. मला भीती वाटते आहे.

१० फेब्रुवारी
झोप नाही. इंद्रजीतला उद्या रजा घ्यायला लावली, चिडला. नोंद पुसता येत नाही, पण – दुरुस्त करता येते. नावाची चौकट उघडते. म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी – निकेशदादांचं टाइप केलं. खोडलं. त्यांना दोन मुली आहेत. मी हे काय करते आहे?

११ फेब्रुवारी, साडेपाच
त्याला घरातून हलू नको म्हणून बजावून आले. त्याच्या जागी माझं नाव टाकलं. सेव्ह होईना. एरर – ही नोंद आधीच आहे.
शोधली. माझाच फोटो, नोकरीच्या अर्जावरचा. आजचीच तारीख. टाकणारे निकेश, २ फेब्रुवारी.
विचारलं. म्हणाले, अगं, अपडेट झाल्यावर तपासायला कुणाचं तरी नाव – तुझा अर्ज समोरच होता –
खाली हॉर्न. इंद्रजीत. नको म्हटलं तरी न्यायला आला. बाईकवर बसणार नाही. चालत जाऊ, अगदी कडेकडेने, त्याचा हात घट्ट –